कोणते साल, कोणते राज्य?

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्या घरांत इतकी रुळली आहे की, ती एका दुखण्याविषयी बोलते हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. म्हातारचळ म्हणून आपण हसतो आणि विषय सोडून देतो. पूर्वी त्याने फारसे अडतही नसे. वाड्यात माणसे पुष्कळ आणि म्हातारी थोडी. १९५० नंतरच्या दशकात आपल्या देशातील माणसाचे सरासरी आयुर्मान चाळिशीच्या आसपास रेंगाळत होते. आज ते सत्तरीला आले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार साठी ओलांडलेल्या दर शंभरांमागे सातांहून अधिक जण स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले असून, त्यांची संख्या सुमारे ८८ लाख भरते.

या दुखण्याचा शास्त्रीय इतिहास एका इस्पितळातच सुरू झाला. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे १९०१ च्या नोव्हेंबरात ऑगुस्टे नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. डॉक्टर आलोइस आल्झायमर तिच्याजवळ बसून प्रश्न विचारीत आणि उत्तरे टिपून ठेवीत. नवऱ्याचे नाव विचारले, तर तिने आपलेच नाव सांगितले. १९०६ साली ती वारली. तिच्या मेंदूची तपासणी करून आल्झायमर यांनी त्याच वर्षी आपले निष्कर्ष मांडले, आणि १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी या रोगास त्यांचे नाव दिले. पुढे १९७५ साली अमेरिकेत तीस गुणांची एक प्रश्नावली तयार झाली व ती जगभर पसरली. आज कोणते साल? महिना कोणता? आपण कोणत्या राज्यात, कोणत्या गावी आहोत?

प्रश्न साधे खरे. पण ते आमच्या मराठवाड्यातील एखाद्या वृद्धास विचारून पाहावेत! १९३२ च्या सुमारास औरंगाबादेत जन्मलेला माणूस निजामाच्या प्रजेत वाढला. दप्तरात साल फसली लिहिले जाई, बाजारात हाली शिक्का चाले, आणि वरच्या इयत्तांचे शिक्षण उर्दूतून होई. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामशाही संपली. पण हैदराबाद राज्य राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. २०२३ साली शहराचेही नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झाले. म्हणजे आपली गल्ली न सोडता या माणसाने तीन राज्ये, दोन कालगणना आणि गावाची दोन नावे पाहिली. स्मृतिभ्रंशात अलीकडचे आधी पुसले जाते आणि जुने पुष्कळ काळ टिकते. अशा माणसाने 'हैदराबाद' असे उत्तर दिले, तर गुण कापला जाईलच. पण ते उत्तर निरर्थक मात्र म्हणता येत नाही.

माझे चुलते तात्या याच पिढीतले. २०१९ च्या पावसाळ्यात मांडीचे हाड मोडल्याने त्यांना येथील एका इस्पितळात ठेवावे लागले. त्यांची स्मृती दोन-तीन वर्षांपासून उतरणीस लागलेली होतीच. दिवसा शांत असत. रात्री मात्र भ्रम होई. असा एकाएकी उठणारा भ्रम हा मूळ स्मृतिभ्रंशाहून वेगळा असतो. शस्त्रक्रिया, ताप, जागरण, अपरिचित जागा यांनी तो उद्भवतो आणि कारण दूर झाल्यास बहुधा ओसरतो. पण तेथील नियमाप्रमाणे रात्री नातेवाइकांस बाहेर काढीत. खाकी वर्दीतला पहारेकरी विजेरी घेऊन फेरी मारू लागला की तात्या उठून बसत आणि उर्दूत जबाब देऊ लागत. सलाइनची नळी उपटू नये म्हणून दुसऱ्या रात्री त्यांचे हात खाटेला बांधले गेले. तात्यांच्या लेखी ते साल तेराशे सत्तावन्न फसली, म्हणजे १९४७-४८ होते. बाहेर रझाकारांची धामधूम होती, आणि आपणांस पकडले आहे अशी त्यांची खात्री झाली.

तिसऱ्या रात्री काकूंनी हट्टाने मुक्काम केला. तात्या दचकून उठताच त्या एवढेच म्हणाल्या, "दाराला कडी लावली आहे हो. मी पाहून आले." तात्या निजले. वॉर्डातील परिचारिकेने जे औषध द्यावयाचे ते दिलेच होते. पण तात्या कोणत्या सालात गेले आहेत, हे फक्त काकूंस ठाऊक होते.

शास्त्रही आता याच वाटेने चालले आहे. १९९९ साली अमेरिकेत सत्तरीपुढील ८५२ रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चष्मा व कानाचे यंत्र जवळ ठेवणे, पाणी पाजणे, चालविणे, रात्रीची झोप न मोडणे, वारंवार स्थळकाळ सांगणे, एवढ्यानेच भ्रम होणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १५ वरून सुमारे १० वर आले. २०१४ साली इंग्लंडात दोन लेखिकांनी चळवळ आरंभली, ती स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाजवळ आप्तांस राहू द्यावे एवढ्याचसाठी.

आपल्या सरकारी इस्पितळांत ही गोष्ट अपरिहार्यतेने चालत आली आहे. मराठवाडा हैदराबादेतून निघाला त्याच १९५६ साली सुरू झालेले येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय लोकांच्या तोंडी 'घाटी' म्हणूनच आहे. हजारांहून अधिक खाटा, आणि भोवतालच्या जिल्ह्यांतून येणारे रुग्ण. खाटेशेजारी चटई टाकून बसलेली सून किंवा लेक तेथे नेहमीच दिसते. मनुष्यबळ अपुरे, म्हणून ती बसते. तिची मजुरी बुडते, तिची झोप मोडते, आणि तिचे नाव कोणत्याही कागदावर येत नाही. ही अडचण गौरवावी असे मी म्हणणार नाही. पण इस्पितळांनी तिला गर्दी न समजता शुश्रूषेतील जाणते माणूस समजावे, आणि घरच्यांनी तिला पाळीने विसावा द्यावा, एवढे निश्चित म्हणावेसे वाटते.

दिवाळीत घरोघरी तीन पिढ्या एकत्र फराळाला बसतात. ते आटोपल्यावर आजी-आजोबांजवळ वही घेऊन बसावे. शाळा कोणती, भाषा कोणती, लहानपणी त्यांना घरी काय म्हणत, भीती कशाची वाटते, झोप कशाने येते, हे लिहून ठेवावे. औषधांच्या चिठ्ठ्या जेथे ठेवतो, तेथेच ते पान ठेवावे. न जाणो, एखाद्या रात्री एखाद्या अनोळखी परिचारिकेस त्याचाच उपयोग होईल.