लग्न आणि लग्नाचा सोहळा : पालघर परिसरातील एक जुने अंतर

२०२० व २०२१ या साथीच्या वर्षांत पालघर, बोईसर, तारापूर या भागांतील अनेक घरांत चार माणसांच्या साक्षीने विवाह उरकले गेले, आणि मांडव, जेवणावळ, वरात ही साथ ओसरल्यावर झाली. याचे तात्कालिक कारण उघड आहे. प्रथम विवाहास ५० माणसांची मर्यादा होती. एप्रिल २०२१ मध्ये ती २५ वर आली, समारंभ दोन तासांत आटोपण्याचे बंधन पडले आणि उल्लंघनास ५० हजार रुपये दंड ठरला. लग्न आधी आणि सोहळा मागाहून, हा प्रकार पुष्कळांस अपूर्व वाटला. या जिल्ह्याच्या इतिहासाशी मात्र हे मत जुळत नाही.

आधी शब्दाकडे पाहू. ‘लग्न’ म्हणजे मुळात ‘चिकटलेले’. ज्योतिषात क्षितिजाशी लागलेली राशी, त्यावरून मुहूर्त, आणि मुहूर्तावरून विधी असा या शब्दाचा प्रवास झाला. मराठीत लग्न ‘लागते’ ते एका क्षणी. ‘लग्नाला जाणे’ यातील लग्न मात्र दिवसभराचे असते. एकाच शब्दात हे दोन अर्थ नांदत असल्याने त्यांतील अंतर सहसा जाणवत नाही. वरिष्ठ जातींनाही हे अंतर अपरिचित नव्हते. बालविवाहाच्या काळी लग्न आणि फलशोभन यांच्यामध्ये काही वर्षे जात. १९२९ च्या शारदा कायद्यानंतर ही रीत हळूहळू मागे पडली.

आपल्या विषयास अधिक जवळचे उदाहरण वारली समाजाचे आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या तालुक्यांत स्त्री-पुरुषांनी संसार मांडावा, त्यांना मुले व्हावीत, आणि लग्नविधी पैसा जमेल तेव्हा करावा, ही पद्धत परिचित आहे. कधी कधी आईबाप आणि मुलगा यांची लग्ने एकाच मांडवात लागतात. यावरून विधीला महत्त्व नाही असा तर्क करणे चुकीचे ठरेल. पालघट देवीचा चौक भिंतीवर लिहिल्यावाचून (वारली चित्र काढत नाहीत, ‘लिहितात’) लग्न लागत नाही, आणि ते लावते धवलेरी. या स्त्री-पुरोहिताच्या नावाचा संबंध ‘धवळा’ म्हणजे लग्नगीत या शब्दाशी दिसतो. तेराव्या शतकातील महदाइसेचे ‘धवळे’ आणि गुजरातीतील ‘धोळ’ ही त्याच कुळातील होत. ज्या विधीने इतका प्राचीन शब्द सांभाळला, तो अनास्थेने लांबणीवर पडत असेल हे संभवत नाही.

तो लांबण्याचे कारण अर्थव्यवहारात शोधले पाहिजे. जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी सावकाराकडून वा जमीनदाराकडून कर्ज घेणारा वारली त्याचा ‘लग्नगडी’ होई. कर्ज फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी धन्याकडे राबावयाचे; आणि हिशेब धन्याच्या हाती असल्याने ते बहुधा फिटत नसे. थोडी ताडी, धान्य आणि कपडे यांच्या मोबदल्यात दोन माणसांचे आयुष्य गहाण पडे. मे १९४५ मध्ये झरी येथील परिषदेत वेठ व लग्नगडी या दोन्हींविरुद्ध वारल्यांनी निर्धार केला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात हा वृत्तान्त सविस्तर आला आहे. वेठबिगारीवर कायद्याने बंदी आली ती १९७६ साली. या पार्श्वभूमीवर, सोहळा पुढे ढकलणाऱ्या जोडप्याने प्रत्यक्षात काय वाचविले हे सहज कळते. सोहळा केला असता तर स्वातंत्र्य जात होते.

असे असूनही या जोडप्यांची ओळख वृत्तपत्रांत आणि सामुदायिक विवाहांच्या प्रसंगी ‘लग्नाविना राहणारी’ अशी करून दिली जाते. साथीत नोंदणी करून पुढे सोहळा करणाऱ्या कारखान्यातील वा अणुवीज केंद्रातील नोकरदाराला कोणी असे म्हटले नाही. दोहोंत फरक कागदाचा आहे, हे खरे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली अधिकारी व तीन साक्षीदार यांच्यासमोर विवाह पुरा होतो. नंतरच्या मांडवाला कायद्यात किंमत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात याउलट विधी हाच विवाह, आणि विधीवाचून नुसत्या नोंदणीने तो सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केले. अनुसूचित जमातींस हा दुसरा कायदा, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्यावाचून, लागूच नाही. तेथे रूढी प्रमाण. मग रूढीच जर आधी संसार आणि मागाहून विधी असे सांगत असेल, तर विवाहाची तारीख कोणती धरावयाची? सोहळ्यापूर्वी नवरा वारला तर बायकोचा आणि मुलांचा हक्क या उत्तरावर अवलंबून असतो. दीर्घ सहवासावरून विवाह गृहीत धरण्याचे तत्त्व न्यायालयांना मान्य आहे. १९७८ च्या बद्रीप्रसाद खटल्यात सुमारे पन्नास वर्षांच्या सहवासाला त्याचा आधार मिळाला. पण ते अनुमान आहे, आणि त्यासाठी कोर्टात जावे लागते. विक्रमगडच्या पाड्यावरील विधवेपेक्षा बोईसरच्या नोकरदाराला ती वाट कितीतरी जवळची आहे, आणि त्याला तिची गरजही पडत नाही.