मातीशिवाय पानफुटी: जाक लोबने नेमकं काय मोजलं?

पानफुटीचं एक पान तोडा, दोऱ्याने टांगा आणि टोक तेवढं पाण्याला टेकू द्या. माती नाही, खत नाही. काही दिवसांत कडेच्या खाचांमधून बारीक मुळं आणि इवलाले फुटवे डोकावतात. शाळेत शाकीय प्रजननाच्या धड्यात हे तुम्ही वाचलंय, कित्येकांनी पान वहीत ठेवून बघितलंही असेल. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये जाक लोब या शास्त्रज्ञाने मात्र याच पानावर 1915 च्या सुमारास काम सुरू केलं आणि पुढे अनेक वर्षं ते सोडलं नाही. का, ते बघू.

आधी प्रयोगातून माती कशी बाहेर पडली, ते थोडक्यात. व्हान हेल्मॉन्टचा विलोचा प्रयोग तुम्हाला माहीत असेलच (1648 साली, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला). पाच वर्षांत झाड सुमारे 164 पौंडांनी वाढलं, माती घटली जेमतेम दोन औंस. त्याने ते दोन औंस सोडून दिले आणि झाड पाण्याचंच बनतं असं म्हटलं. हवेचा तर हिशोबच नव्हता. 1699 मध्ये जॉन वुडवर्डने पुदिना थेट पाण्यात वाढवला. पावसाच्या पाण्यापेक्षा थेम्स नदीच्या पाण्यात तो जास्त वाढला. म्हणजे पाण्यातलं आणखी काहीतरी कामाला येत होतं. ते कोणते क्षार, हे 1860 नंतर साक्स आणि क्नोप यांच्या मोजून बनवलेल्या द्रावणांनी स्पष्ट केलं.

लोबचा प्रश्न वेगळा होता. झाडाला जोडलेलं असताना पानफुटीचं पान सहसा फुटत नाही, तोडल्यावर फुटतं. खाचा त्याच, पान तेच. मग अडवत काय होतं? त्या काळी याची उत्तरं बरीच मोघम होती: झाडाला जखम कळते, हरवलेला अवयव परत हवा असतो, वगैरे. लोबला असली भाषा अजिबात पटत नसे.

आता त्याची मांडणी बघा, खरी गंमत तिथे आहे. पानफुटीच्या एकाच पेरावर समोरासमोर दोन पानं येतात. वय तेच, आकार जवळपास तोच. लोबने अशी जोडीची पानं घेतली: एक प्रयोगासाठी, दुसरं तुलनेसाठी. दोन्ही दमट हवेत, टोकं पाण्यात. आपण ज्याला ‘कंट्रोल’ म्हणतो, तो त्याला झाडाने आयता दिला होता.

फुटवे मोजायला गेलं तर गोंधळ होतो. एका पानाला दोन येतात, जोडीच्या पानाला पाच. आकड्यांवरून काही नियम निघेना. लोबने फुटव्यांचं वजन केलं. सारख्या परिस्थितीत, सारख्या वेळात, सारख्या वजनाच्या पानांनी सारख्याच वजनाचे फुटवे दिले, संख्या काहीही असो. एका पानाचा मधला भाग कापून टाकला, तर त्याच्या फुटव्यांचं वजनही त्याच प्रमाणात कमी भरलं. आणि पानाचे तुकडे करून प्रत्येकात एकच खाच ठेवली, तर अखंड पानात गप्प बसणाऱ्या खाचाही फुटल्या. यावरून त्याने म्हटलं, पानात तयार होणारा माल मर्यादित आहे. पान जोडलेलं असेल तर तो खोडाकडे जातो, तोडलं की खाचांना मिळतो. ज्या खाचा आधी फुटतात त्या तो ओढून घेतात.

माझ्या मते इथे माती नसणं फार महत्त्वाचं ठरलं. कुंडीतली नाजूक मुळं माती झटकून तोलायची म्हणजे निम्मी तुटणार. शिवाय मातीने काय पुरवलं हा वाद राहिलाच असता.

लोबचं पुनरुत्पत्तीवरचं पुस्तक 1924 मध्ये आलं, तो त्याच वर्षी वारला. पुढच्या दहाएक वर्षांत ऑक्सिन हे संप्रेरक रासायनिकदृष्ट्या ओळखलं गेलं आणि कळ्या दबून राहण्यामागे नुसतं मालाचं वाटप नाही हे कळलं. म्हणजे त्याचं स्पष्टीकरण अपुरं होतं, पण वजनं तशीच राहिली.

घरी करून बघायचं असेल तर जोडीची पानं एकाच दिवशी तोडा आणि आधी तोलून ठेवा. पूर्ण पान बुडवू नका, मांसल पान कुजतं. आणि शेवटी फुटवे वाळवून तोला. ओल्या वजनात किती पाणी आहे, हे तुम्हाला कळणार नाही.