दुसऱ्या बॅटरीवाचून दिवे

काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रात्री रामटेकच्या पुढे एका गावात आम्ही आकाशदर्शनाचा कार्यक्रम घेतला होता. तक्ते आणि प्रयोगांचे साहित्य व्हॅनमध्ये मांडले होते. मुले ओळीने आत येत, प्रयोग पाहत आणि मग बाहेरच्या दुर्बिणीकडे जात. व्हॅनमधले चार दिवे सुमारे चार तास जळत होते. कार्यक्रम आटोपला, साहित्य बांधून झाले, चालकाने किल्ली फिरवली आणि आतून नुसता ‘टक्’ असा आवाज आला. “साहेब, बॅटरी उतरली,” चालक म्हणाला. शेवटी गावकऱ्यांनी धक्का मारून गाडी सुरू करून दिली. विज्ञान शिकवायला गेलेल्या आम्हां मंडळींना त्या रात्री एक धडा मिळाला.

नागपूरला परतल्यावर ज्याला विचारावे तो एकच उपाय सांगे : दिव्यांसाठी दुसरी बॅटरी बसवून घ्या. उपाय बिनचूक होता. पण दुसरी बॅटरी म्हणजे आणखी खर्च, आणखी वजन आणि आणखी एक देखभाल. ती खरोखरच आवश्यक आहे का? या प्रश्नाचा शोध घेताना लक्षात आले, की शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हाच प्रश्न रेल्वेपुढे उभा होता, आणि रेल्वेनेही सुरुवात दोन बॅटऱ्यांपासूनच केली होती.

तेल, वायू आणि आग

रेल्वेच्या डब्यात प्रथम तेलाचे दिवे होते. छताला भोके ठेवलेली असत. संध्याकाळ होण्यापूर्वी कर्मचारी डब्यांच्या टपांवरून चालत जाऊन पेटवलेले दिवे त्या भोकांतून खाली सोडत. नंतर युरोपात ज्युलियस पिंट्श याने दाबाखाली साठवलेला तेलवायू डब्याखालच्या टाकीतून दिव्यांना पुरवण्याची पद्धत आणली. प्रकाश चांगला मिळू लागला. पण लाकडी डबे आणि त्यांच्याखाली ज्वालाग्राही वायू अशी ही जोडी होती. २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिल येथे गाड्यांची टक्कर झाली, तेव्हा वायूच्या टाक्यांमुळे आग भडकली. दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य सैनिक होते. डब्यात विजेचा दिवा असणे ही केवळ चैन नव्हती, हे या अपघाताने दाखवून दिले.

विजेचा दिवा मात्र याच्या कितीतरी आधी रेल्वेत आला होता. गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये शिशाच्या पट्ट्या आणि विरल गंधकाम्ल यांचा पुन्हा पुन्हा भारित करता येणारा घट तयार केला. पुढे कामिय फोर याने पट्ट्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन त्याची साठवणशक्ती वाढवली. फोरचे घट वापरून १८८१ साली लंडन-ब्रायटन मार्गावरील ‘बिआट्रिस’ नावाच्या पुलमन डब्यात विजेचे दिवे लावण्यात आले. डब्यात वीज तयार होत नव्हती. ठाण्यावर बॅटरी भारित करायची आणि वाटेत ती खर्च करायची, एवढाच व्यवहार होता.

ब्रायटनचा पल्ला तास-दीड तासाचा होता. आपल्याकडे काय स्थिती होती? ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने १८९१ साली नागपूरपासून असनसोलपर्यंतचा मार्ग खुला केला. अशा लांब पल्ल्यावर, रात्रीमागून रात्र, केवळ भरून नेलेल्या बॅटरीवर दिवे चालणे अवघड होते. वीज वाटेतच निर्माण व्हायला हवी होती.

चाकाच्या आसावर जनित्र

१८९० च्या दशकात इंग्लंडमधील जे. स्टोन आणि कंपनीने यावर तोडगा आणला. डब्याखाली एक लहान जनित्र (डायनामो) टांगायचे आणि चाकाच्या आसावरून पट्ट्याने ते फिरवायचे. गाडीचा वेग सारखा बदलतो, मग जनित्राचा वेग कसा आवरायचा? स्टोनची युक्ती साधी होती. जनित्र अशा रीतीने लटकवलेले असे, की त्याच्या वजनानेच पट्टा ताणला जाई. वेग फार वाढला, की पट्टा जनित्राला आसाकडे ओढी आणि मग तो घसरू लागे. जास्तीचा वेग घसरण्यातच निघून जाई. गाडी मंद झाली, की अपकेंद्री बलावर चालणारी कळ मंडल तोडून टाकी. तसे न केले, तर बॅटरीतली वीज उलट जनित्रातच वाहू लागली असती.

हा प्रकाश फुकटचा नव्हता, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. पट्टा आसाला मागे खेचत असतो. म्हणजे दिव्यांची ऊर्जा शेवटी इंजिनातल्या कोळशातूनच येत होती.

दोन बॅटऱ्या कशासाठी?

या पद्धतीत सुरुवातीला प्रत्येक डब्यात दोन बॅटऱ्या ठेवत. दिव्यांना वीज कमी पडे, असे त्याचे कारण नव्हते. खरे कारण व्होल्टमध्ये होते.

२४ व्होल्टच्या बॅटरीत शिसे-अम्लाचे १२ घट असतात. दिवे जळत असताना दर घटाचा दाब साधारण २ व्होल्ट असतो; पण बॅटरी भारित होत असताना अखेरीस तो २.५ व्होल्टपर्यंत चढतो. म्हणजे २४ चे ३० व्होल्ट होतात. तंतूच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टच्या साधारण साडेतीनाव्या घाताच्या प्रमाणात बदलतो. दाब सव्वापट झाला, की प्रकाश दुपटीहून अधिक होतो आणि दिव्याचे आयुष्य विसाव्या हिश्श्यावर येते. म्हणून एक बॅटरी जनित्राकडून भारित होत असताना दुसरीने दिवे सांभाळावेत, अशी वाटणी केलेली होती.

पुढे दिव्यांच्या मंडलात आपोआप येणारा-जाणारा रोध घालण्याची सोय झाली. त्यानंतर कार्बनच्या चकत्यांचा नियामक आला. चकत्यांच्या थप्पीवरचा दाब कमी-जास्त केला, की तिचा रोध बदलतो. जुन्या टेलिफोनच्या बोलण्याच्या भागात हेच तत्त्व असे. विद्युतचुंबकाने हा दाब आपोआप बदलता येऊ लागला आणि जनित्राचे व्होल्ट ताब्यात आले. एकाच बॅटरीची पद्धत समाधानकारक चालू लागली. दुसऱ्या बॅटरीची जागा नियंत्रणाने घेतली.

भारतीय रेल्वेत पूर्वी २४ व्होल्टची पद्धत होती. पुढे साध्या डब्यांखाली ११० व्होल्टचे, ४.५ किलोवॅटचे ब्रशविरहित अल्टरनेटर आले. त्यांच्यासोबतचा दिष्टकारक व्होल्टही सांभाळतो आणि वीज उलटही जाऊ देत नाही. एखाद्या डब्याची बॅटरी उतरलीच, तर शेजारच्या डब्यातून वीज घेण्यासाठी डब्याच्या टोकाला जोडाग्रेही असतात.

तरीही हिशेब चुकला, की दिवे मंदावत. नागपूरहून छिंदवाड्याला जाणारी नॅरोगेज गाडी २०१५ अखेर बंद झाली. अशा सावकाश, ठिकठिकाणी थांबणाऱ्या गाड्यांची अडचण उघड आहे : दिवे सर्व वेळ जळतात, जनित्र मात्र पुरेशा वेगातच वीज देते. जमा कमी आणि खर्च अधिक. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. मुलांना तेथे नेल्यास डब्याखाली वाकून आस, चाके आणि पट्ट्याला किती जागा मिळत असेल, हे अवश्य दाखवावे.

पुन्हा व्हॅनकडे

मोटारीत बॅटरीवर आणखी एक जबाबदारी असते : इंजिन सुरू करणे. चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत आला आणि हँडल मारण्याचे कष्ट संपले. या स्टार्टरला वीज किती लागते? १५० अँपिअर तीन सेकंद, असे धरू. म्हणजे ४५० अँपिअर-सेकंद, अर्थात फक्त ०.१२५ अँपिअर-तास. आमचे २१ वॅटचे चार दिवे सुमारे ७ अँपिअर घेत होते. चार तासांत २८ अँपिअर-तास गेले. बॅटरी ६० अँपिअर-तासांची, म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक वीज शिल्लक असायला हवी होती. स्टार्टरला तर तिचा अगदी अल्प अंश पुरतो. मग गाडी का सुरू झाली नाही?

उत्तर ओहमच्या नियमात आहे. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहम धरला, तर १५० अँपिअरला तिच्या आतच दीड व्होल्ट खर्च होतात आणि स्टार्टरला सुमारे ११ व्होल्ट मिळतात. जुनी, अर्धी उतरलेली आणि थंडीत गारठलेली बॅटरी असेल आणि रोध ०.०४ ओहमवर गेला, तर ६ व्होल्ट आतच जातात. उरलेल्या ६ व्होल्टवर स्टार्टर फिरत नाही. त्यातच थंडीने इंजिनातले तेल घट्ट झालेले असते. नागपूरचा उन्हाळा बॅटरीला म्हातारे करतो आणि तिची झीज डिसेंबरात उघडकीला येते. म्हणजे येथेही वीज संपली नव्हती. व्होल्ट टिकले नव्हते.

रोग कळल्यावर उपाय सोपा झाला. पहिला उपाय खर्च कमी करण्याचा. तितकाच प्रकाश देणारे एलईडी दिवे चार मिळून सुमारे १६ वॅट घेतात. चार तासांत जेमतेम साडेपाच अँपिअर-तास जातात, म्हणजे बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. दुसरा उपाय पहाऱ्याचा. बॅटरीचा दाब १२.३ व्होल्टच्या खाली उतरला, की दिवे तोडणारा रिले आम्ही बसवला. दिवे तुटताच दाब थोडा वर चढतो. म्हणून इंजिन चालू होऊन दाब १३ व्होल्टच्या वर गेल्याशिवाय रिलेने पुन्हा जोडू नये, अशी व्यवस्था ठेवली. नाहीतर दिवे उघडझाप करत राहतात. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज घातला. खर्च झालेली वीज परत भरायला पाच मिनिटांची फेरी पुरत नाही, हेही चालकाला सांगून ठेवले.

ज्या वाहनात पंखे, प्रक्षेपक किंवा शीतपेटी तासन्‌तास चालवायची असेल, तेथे दुसरी बॅटरी घेणेच शहाणपणाचे. नुसत्या दिव्यांसाठी मात्र तिची गरज नाही.

वर्गात यातले बरेच करून दाखवता येईल. एक नवा आणि एक वापरून जुना झालेला टॉर्चचा घट घ्या. प्रथम नुसत्या घटाचे व्होल्ट मोजा आणि मग बल्ब जोडून मोजा. नुसते मोजताना दोहोंतला फरक थोडाच दिसेल. बल्ब जोडताच जुना घट कितीतरी खाली उतरेल. रामटेकच्या पुढे त्या रात्री आमच्या व्हॅनमध्ये झाले ते हेच.