कॅमेऱ्याच्या लेन्सवर जांभळी झाक का दिसते? जाणून घ्या अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग

तुमच्या फोनचा मागचा कॅमेरा ट्यूबलाइटखाली जरा तिरका धरा. लेन्समध्ये ट्यूबचं प्रतिबिंब पांढरं न दिसता जांभळट किंवा हिरवट दिसेल. ही झाक म्हणजेच कोटिंग.

टूथपेस्टने ओरखडे जातात असा व्हिडिओ बघून मी जुन्या फोनची लेन्स घासली होती. ओरखडा तसाच राहिला, झाक मात्र जागोजागी उडाली. त्यानंतर रात्रीच्या फोटोत प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय यायला लागलं.

असं का होतं? साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४% प्रकाश परत फेकतो. ४% म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण एकापुढे एक सहा सुटी भिंगं असली की पृष्ठभाग होतात १२, आणि शेवटपर्यंत पोचतो जेमतेम ६१% प्रकाश. बाकीच्यातला काही आतल्या आत उड्या मारून चित्र फिकट करतो. मायक्रोस्कोपमध्येही हीच अडचण.

१८८६ मध्ये लॉर्ड रॅले यांच्या लक्षात आलं, की जुनी डागाळलेली काच नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश आरपार सोडते! १९३५ मध्ये जर्मनीत झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात जागेत काचेवर पातळ थर बसवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. १९३८ मध्ये अमेरिकेत कॅथरीन ब्लॉजेट यांनी एकेका रेणूच्या जाडीचे ४४ थर चढवून काच जवळपास अदृश्य केली. पण तो लेप इतका मऊ, की पुसला तरी निघायचा.

नेहमीचा पदार्थ म्हणजे मॅग्नेशियम फ्लोराइड. थर फक्त १०० नॅनोमीटरचा, केसाच्या कित्येक शे पट पातळ. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या दोन लाटांपैकी खालची अर्धी लांबी मागे पडते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसतो, परावर्तन ४% वरून सव्वा टक्क्याच्या आसपास येतं आणि वाचलेला प्रकाश पुढे जातो. ही जाडी हिरव्या रंगासाठी बेतलेली असते. लाल-निळा थोडा परत येतो, म्हणून जांभळी झाक. फोनमध्ये बहुतेक वेळा अनेक थर असतात, त्यामुळे ती हिरवीही दिसते.

टूथपेस्टमधले बारीक कण दातांवरचा थर घासण्यासाठीच असतात. लेन्ससाठी आधी फुंकर मारून धूळ उडवा, मग चष्म्याच्या मऊ कापडाने हलकेच पुसा. शर्टाचं टोक नको.