गुठळी थांबते कुठे?

परीक्षानळीत काढलेले रक्त तसेच ठेवले, तर दहाएक मिनिटांत ते सगळेच्या सगळे गोठते. नळी उलटी केली तरी थेंब पडत नाही. (म्हणूनच आम्ही प्रयोगशाळेत रक्त घेतो तेव्हा नळीत आधीच सायट्रेट घातलेले असते.) पण बोट कापले, तर गुठळी जखमेपुरतीच होते, शेजारच्या नसेतले रक्त वाहतच राहते. रक्त तेच, त्यातली प्रथिनेही तीच. मग शरीरात ही क्रिया थांबते कशी?

रक्त का गोठते, याचा शोध एकोणिसाव्या शतकातच जोरात सुरू झाला होता. रक्तद्रवात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे न विरघळणारे तंतू बनवणाऱ्या विकराला अलेक्झांडर श्मिट यांनी थ्रॉम्बिन हे नाव दिले. गोठणे थांबते का, हा प्रश्न मात्र बराच काळ मागच्या बाकावर बसून होता. तो पुढे आला तो चुकूनच.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम हॉवेल यांच्या हाताखाली जे मॅक्लीन हा वैद्यकीचा विद्यार्थी काम करत होता. मेंदूपासून मिळणारा एक स्निग्ध पदार्थ रक्त लवकर गोठवतो, त्याचा अभ्यास त्याच्याकडे होता. मॅक्लीनने हृदयाचे आणि यकृताचेही अर्क काढले, आणि ते ठेवून देऊन पुन:पुन्हा तपासले. यकृताचा अर्क जुना होत गेला तसा त्याचा गोठवण्याचा गुण गेला. एवढ्यावर आमच्यापैकी बहुतेकांनी ती बाटली मोरीत ओतली असती. मॅक्लीनने तपासणे सोडले नाही, आणि त्याला दिसले की आता हा अर्क घातला तर रक्त गोठतच नाही! हॉवेल यांना हे प्रथम पटेना. तेव्हा मॅक्लीनने मांजराच्या रक्ताने भरलेल्या चंचुपात्रात तो अर्क घालून ते त्यांच्यापुढे ठेवले, अशी आठवण त्याने पुढे सांगितली आहे. हे काम १९१६ साली प्रसिद्ध झाले. यकृताच्या ग्रीक नावावरून ‘हेपॅरिन’ हे नाव हॉवेल यांनी १९१८ साली दिले. मॅक्लीनचा पदार्थ स्निग्ध होता, तर आजचे हेपॅरिन हे कर्बोदक आहे. त्यामुळे श्रेय कोणाचे, हा वाद बरीच वर्षे चालला.

हेपॅरिन एकटे काही करत नाही, त्याला रक्तद्रवातील एका साथीदाराची गरज लागते, हे १९३९ साली दिसून आले. हा साथीदार म्हणजे अँटिथ्रॉम्बिन. वाहत्या रक्तात सुटलेल्या थ्रॉम्बिनला ते पकडून निकामी करते. १९६५ साली नॉर्वेत ओलाव एगेबर्ग यांना एक कुटुंब आढळले. त्यातल्या काहींच्या रक्तात हे प्रथिन निम्म्याच्या आसपासच होते, आणि त्यांच्या शिरांमध्ये विनाकारण गुठळ्या होत होत्या.

पण खरी गंमत पुढे आहे. स्वीडनच्या योहान स्टेनफ्लो यांनी १९७६ साली गाईच्या रक्तद्रवातून एक प्रथिन वेगळे केले. पृथक्करणाच्या आलेखात ते तिसऱ्या शिखरात सापडले, म्हणून त्याचे नाव ‘प्रोटीन सी’. गोठण्याच्या साखळीतील पाचवा आणि आठवा हे घटक कापून ते साखळी तोडते. त्याला जागे करते कोण? गुठळी करणारे थ्रॉम्बिनच! एरवी हे काम फार मंद चालते. पण १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत चार्ल्स एस्मॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की निरोगी रक्तवाहिनीच्या अस्तरावर थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचे प्रथिन असते. थ्रॉम्बिन त्याला चिकटले की ते गुठळी करणे सोडून देते, आणि प्रोटीन सी जागे होण्याचा वेग हजार पटींच्या घरात वाढतो. म्हणजे अस्तर फाटले असेल तिथे थ्रॉम्बिन रक्त गोठवते, आणि अस्तर धड असेल तिथे तेच ब्रेक लावते. गुठळीची हद्द जखमेच्या हद्दीशी जुळते ती मुख्यत: यामुळे. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत सगळे बाण गुठळीकडेच धावतात. हा उलटा बाण फळ्यावर आपणच काढायला हवा.

१९९३ साली स्वीडनमध्येच ब्यॉर्न डालबेक एका रुग्णाचे रक्त तपासत होते. त्याला आणि त्याच्या नातलगांना वारंवार गुठळ्या होत. त्याच्या रक्तद्रवात जागे केलेले प्रोटीन सी घातले, तर गोठायला जास्त वेळ लागायला हवा होता, तो लागेना. प्रोटीन सी तर ठीक होते. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील लायडन शहरातील संशोधकांनी कारण शोधले: पाचव्या घटकाच्या साखळीत ५०६ व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल आले होते, आणि प्रोटीन सीची कात्री नेमकी तिथेच चालते. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात सुमारे पाच जणांत हा बदल आढळतो. भारतात तो बराच विरळ आहे.