न दिसणारी कल्हई

छत्रपती संभाजीनगराजवळच्या देवगिरी ऊर्फ दौलताबादच्या किल्ल्यांत महाकोटाच्या दरवाजावर लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत, आणि वर गेल्यास औरंगजेबाच्या अमदानींतील मेंढा तोफ आहे. गंजाचें भय खिळ्यांना, तोफेला नाहीं. ती तांब्याच्या मिश्रधातूची, आणि तांबडा गंज हा लोखंडाचा रोग.

आमच्या पूर्वजांनीं स्वयंपाकघरांतही हाच विवेक केला होता. तवा लोखंडाचा, पाणी व अन्न मात्र तांब्या-पितळेच्या भांड्यांत. पण आंबट पदार्थ पितळेंत कळकतो. त्यावर उपाय कल्हईचा. कल्हईवाला भांडें तापवी, नवसागर टाकी, आणि २३२ अंशांवर वितळणारें कथील कापसाच्या बोळ्यानें आंतून फिरवी. कल्हई झिजली कीं पितळ उघडें पडे, आणि गृहिणी त्याला पुन्हा हांक मारी.

स्टेनलेस स्टील आलें तें शस्त्रांच्याच वाटेनें. १९१३ सालीं इंग्लंडांत शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजूं नयेत म्हणून नवें पोलाद शोधीत होते. शेंकडा सुमारें १३ भाग क्रोमियम असलेलें पोलाद सहसा गंजत नाहीं, असें त्यांना आढळलें. हवेंतील प्राणवायूशीं क्रोमियमचा संयोग होऊन पृष्ठभागावर केसाच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असा थर बसतो. ओरखडा पडला तरी हवा लागतांच तो पुन्हा जुळतो. ही कल्हईच, फरक इतकाच कीं ती दिसत नाहीं.

दिसत नाहीं, म्हणूनच तिची हेळसांड होते. मीठ तिला भेदतें. लोखंडी तारेच्या घासणीचे कण भांड्यावर राहून गंजतात. आमच्या शहरांत पाण्याच्या टंचाईमुळें पिंपें भरून ठेवण्याची संवय जडली आहे. तळाशीं सांचलेला गाळ व क्षार तेथें डाग पाडतात. म्हणून खारट पदार्थ रात्रभर ठेवूं नये, पिंप मधून मधून रितें करून घासावें, आणि भांडें धुतल्यावर कोरडें पुसावें. डाग पडलाच तर खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून मऊ फडक्यानें चोळावा. न निघाल्यास लिंबाचा रस थोडा वेळ लावून स्वच्छ धुवावें.

कल्हईवाल्याची हांक आतां गल्लींत क्वचितच ऐकूं येते. त्याचें काम मात्र संपलेलें नाहीं. तें आमच्याच हातीं आलें आहे.