विमानाचं इंजिन खरंच तापलंय की सेन्सर खोटं सांगतोय? हे कसं ओळखतात?

कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं विमान तुम्हाला आठवत असेल. २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते सगळ्यांनी पाहिलं. आपल्याकडे ही गोष्ट दुर्मीळ असली, तरी अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारे हजारो लोक आहेत. तिथला नियम असा, की विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असलं पाहिजे.

त्या कामात इंजिनाच्या सेन्सरची वायरिंगही येते. कारखान्यातून एकसारखी निघणारी विमानं वर्षानुवर्षं तपासलेली असतात. घरगुती विमानात मात्र प्रत्येकाची वायरिंग वेगळी. त्यामुळे चुकीचे आकडे दिसणं ही इथली नेहमीची डोकेदुखी आहे.

कोणते सेन्सर असतात?

मुख्य चार: सिलिंडरच्या डोक्याचं तापमान, एक्झॉस्ट वायूचं तापमान, ऑइलचं तापमान आणि ऑइलचा दाब. पहिले दोन बहुधा थर्मोकपल असतात. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि तो जोड तापला, की अगदी थोडा विद्युत दाब तयार होतो. किती थोडा? एका अंशाला सुमारे ४० ते ५० मायक्रोव्होल्ट. म्हणून एक सैल जोड किंवा गंजलेली पिन आकडा बिघडवायला पुरेशी असते.

हवेत असताना नियम एकच

ऑइलचा दाब अचानक पडलेला दिसला, तर तो खरा आहे असं धरूनच जवळच्या धावपट्टीकडे वळायचं. सेन्सर बिघडला होता असं खाली उतरल्यावर कळलं, तर एक फेरी वाया गेली एवढंच. उलट ‘सेन्सरच असेल’ म्हणून पुढे गेलात आणि ऑइल खरंच संपलं असेल, तर इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकतं. शोधाशोध जमिनीवर करायची.

आकडा कसा वागतो ते बघा

धातूचा जड भाग हळूहळू तापतो आणि हळूहळू निवतो. सिलिंडरचं तापमान एका सेकंदात १०० अंश उडी मारू शकत नाही. तशी उडी दिसली, तर दोष बहुधा विजेच्या जोडणीत असतो.

दुसरी खूण म्हणजे सोबतचे आकडे. ऑइलचा दाब उतरतोय आणि तापमान चढतंय, तर दोन वेगळे सेन्सर एकच गोष्ट सांगताहेत. ती गंभीर आहे. एकाच सिलिंडरचा एक्झॉस्ट जास्त तापलाय आणि इंजिन थोडं खडखडतंय, तर दोनपैकी एक स्पार्क प्लग बंद पडलेला असू शकतो. एकच आकडा वेडावाकडा आणि बाकी सगळं सुरळीत, तर संशय सेन्सरवर जातो.

जमिनीवर तपासणीचा क्रम

१. सकाळी इंजिन थंड असताना फक्त बॅटरी चालू करा. सगळी तापमानं बाहेरच्या हवेइतकी आणि ऑइलचा दाब शून्य दिसायला हवा. जो आकडा वेगळा, तिथून सुरुवात.

२. इंजिन बंदच ठेवून लँडिंग लाइट लावा. तापमानाचा आकडा लगेच हलला, तर दोष अर्थिंगमध्ये. दिवा लावल्याने इंजिन तापत नाही! अर्थिंगच्या जोडात ०.०५ ओहम अडथळा असेल आणि त्यातून २० अँपिअर प्रवाह जात असेल, तर तिथेच १ व्होल्ट खर्च होतो. इंजिनाच्या धातूतूनच अर्थिंग घेणारे सेन्सर त्यामुळे फसतात.

३. संशयित प्रोबची वायर शेजारच्या सिलिंडरच्या प्रोबला जोडा आणि त्याची इकडे. चुकीचा आकडा प्रोबसोबत दुसऱ्या जागी गेला, तर दोष प्रोबमध्ये किंवा त्या सिलिंडरमध्ये. जागेवरच राहिला, तर वायर किंवा गेजमध्ये. मग प्रोबच काढून शेजारच्या सिलिंडरवर बसवला, की प्रोब की सिलिंडर तेही कळतं.

४. तापमानाचा प्रोब बर्फाच्या पाण्यात धरा, मग उकळत्या पाण्यात. समुद्रसपाटीला ० आणि १०० अंश सेल्सिअसच्या जवळपास आकडे यावेत. उंचीवर मात्र पाणी लवकर उकळतं. डेन्व्हरसारख्या १,६०० मीटर उंचीच्या शहरात ९५ अंशांच्या आसपासच.

५. ऑइलच्या दाबासाठी साधं यांत्रिक गेज तात्पुरतं जोडून दोन्ही आकडे ताडून बघा.

नेहमी सापडणारे दोष

थर्मोकपलची वायर कमी पडली म्हणून मध्ये साधी तांब्याची वायर जोडणं ही एक चूक. वायर त्याच प्रकारच्या धातूची लागते, नाहीतर मधला जोडही तापमानासोबत आकडा हलवतो. दुसरा घोळ रंगांचा. अमेरिकन थर्मोकपलमध्ये लाल वायर निगेटिव्ह असते! नेहमीच्या सवयीने ती पॉझिटिव्हला जोडली, की इंजिन तापताना आकडा खाली जातो. तिसरं, ऑइलच्या दाबाचा सेन्सर थेट इंजिनावर बसवणं. कंपनांनी तो खिळखिळा होतो. म्हणून तो इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर बसवून लवचीक नळीने जोडतात.

हे एवढं महत्त्वाचं का?

१३ जानेवारी १९८२. वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत होता. एअर फ्लोरिडाचं बोइंग ७३७ उड्डाणाला निघालं. इंजिनांची बर्फरोधक यंत्रणा बंद होती आणि दाब मोजणाऱ्या तोंडांवर बर्फ साचला होता. त्यामुळे गेजवर पूर्ण ताकद दिसत होती, प्रत्यक्षात ती बरीच कमी होती. इंजिनाचे बाकीचे आकडे वेगळं सांगत होते, सहवैमानिकाने शंकाही घेतली, पण उड्डाण थांबलं नाही. पंखांवरच्या बर्फानेही भर घातली. विमान पुलाला धडकून पोटोमॅक नदीत कोसळलं. विमानातले ७४ आणि पुलावरचे ४ जण गेले.

ते विमान कारखान्यात बनलेलं होतं, वैमानिक व्यावसायिक होते. तरी धडा गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्यालाही तोच लागू होतो: एका गेजवर विसंबू नका, बाकीचे काय म्हणतात ते विचारा. आणि शंका फिटत नसेल, तर उड्डाण उद्यावर टाका.